विश्लेषण : परग्रहावरच्या खलनायकाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा?

अमेरिकी विज्ञानकथांमधला सर्वांत गाजलेला खलनायक कोण, असं ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांना विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, खान. पूर्ण नाव खान नूनियन सिंग. कथेनुसार हा माणूस उत्तर भारतातला. १९६७ साली तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तेव्हा ती भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बान यांनी केली होती. २०१३ च्या चित्रपटात ती ब्रिटिश अभिनेता बेनेडिक्ट कंबरबॅचकडे गेली. भारतीय वंशाच्या अभिनेत्याकडे प्रौढ खानची भूमिका यायला २०२५ साल उजाडलं. ‘स्टार ट्रेक : खान’ या मालिकेत लंडनमध्ये जन्मलेल्या, मूळच्या केरळी कुटुंबातल्या नवीन अँड्र्यूज यांनी खान साकारला. पण ही मालिका फक्त ऐकायची आहे, ऑडिओ स्वरूपातली. म्हणजे तब्बल ५८ वर्षांनी भारतीय खान आला आणि तोही चेहऱ्याशिवाय.

या योगायोगावर हसून पुढे जाता येईल. पण वाईट माणूस कोणत्या देशाचा दाखवायचा, त्याची भूमिका कोणाला द्यायची आणि त्यावर कोणाला राग येणार, हे प्रश्न विज्ञानकथांच्या मालिकांना सुरुवातीपासून चिकटलेले आहेत. गोष्ट २३व्या शतकातली असली तरी भीती मात्र मालिका ज्या साली बनली त्या सालातलीच असते. अलीकडे नेटफ्लिक्सच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’वरून चीनमध्ये उठलेल्या वादाने हे पुन्हा दिसलं.

खान भारतीय कसा झाला?

खान पहिल्यांदा दिसला तो ‘स्पेस सीड’ या भागात, १६ फेब्रुवारी १९६७ रोजी. अंतराळात भरकटलेल्या एका जुन्या यानात काही माणसं गोठवलेल्या अवस्थेत सापडतात. प्रयोगशाळेत जनुकं सुधारून घडवलेली ही माणसं विसाव्या शतकाच्या शेवटी जगावर राज्य करू पाहत होती. त्यांचा म्होरक्या खान. आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत जगाचा पाव हिस्सा एकेकाळी त्याच्या ताब्यात होता, असं मालिकेत सांगितलं जातं.

गंमत म्हणजे कथेच्या सुरुवातीच्या मसुद्यात हा माणूस भारतीय नव्हताच. तो उत्तर युरोपीय वंशाचा, सोनेरी केसांचा धिप्पाड गडी होता. मोंताल्बान यांची निवड झाल्यावर पात्राचं नाव आणि मूळ बदललं. पडद्यावर यानातली इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे पाहून तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा असा अंदाज बांधते. पुढे ती त्याचं पगडी घातलेलं चित्रही काढते. प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर पगडी नाही आणि चेहऱ्यावर दाढीही नाही. अभिनेत्याची त्वचा मात्र मेकअपने सावळी केलेली.

नावाकडे पाहिलं तरी घाई लक्षात येते. ‘खान’ आणि ‘सिंग’ एकाच माणसाच्या नावात, मध्ये ‘नूनियन’ हा भारतात कुणीच न ऐकलेला शब्द. त्या काळच्या अमेरिकी प्रेक्षकाला एवढा तपशील पुरेसा होता. ‘पूर्वेकडचा कुणीतरी राजबिंडा हुकूमशहा’ एवढंच त्याला कळायला हवं होतं.

तरीही दुसरी बाजू नोंदवायला हवी. खान मूर्ख नाही, ओंगळही नाही. तो बुद्धिमान, वाचन असलेला, देखणा आहे. नायक कॅप्टन कर्क आणि त्याचे सहकारी त्याच्याबद्दल आदरमिश्रित कौतुकाने बोलतात. १९६७ साली अमेरिकी टीव्हीवर आशियाई माणूस बहुतेक वेळा नोकर, गारुडी किंवा कपटी साधू असायचा. त्या मानाने खान हे मोठं पात्र होतं. म्हणूनच १९८२ साली ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटासाठी त्याला परत आणलं गेलं. खलनायक असणं आणि हलका लेखला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खानच्या उदाहरणातून दिसतं.

क्लिंगॉन म्हणजे सोव्हिएत रशिया होते का?

खानचा भाग दाखवल्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, २३ मार्च १९६७ रोजी, ‘स्टार ट्रेक’मध्ये क्लिंगॉन आले. दोन्ही भागांच्या लेखनात जीन कून यांचा हात होता. एका गरीब, साध्या दिसणाऱ्या ग्रहावर ताबा कोणाचा, यावरून पृथ्वीचा संघ आणि क्लिंगॉन साम्राज्य युद्धाच्या उंबरठ्यावर येतात. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्य लढत असताना हे प्रक्षेपित होत होतं. संदर्भ समजायला प्रेक्षकाला वेगळ्या टिपणाची गरज नव्हती.

क्लिंगॉनांची त्वचा काळपट केली होती, मिशा लोंबत्या, भुवया वर गेलेल्या. धोरण सोव्हिएत रशियाचं आणि चेहरा मंगोल आक्रमकाचा, असं ते मिश्रण होतं. ‘परग्रहवासी’ म्हटलं की कोणत्याही देशाची थेट तक्रार येत नाही. पण त्या मुखवट्यासाठी कुठल्या लोकांचा चेहरा उसना घेतला आहे, हे मात्र लपत नाही.

त्याच मालिकेने याचा उताराही शोधला होता. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये दुसरा हंगाम सुरू झाला तेव्हा यानाच्या चालकदलात पावेल चेकॉव्ह हा रशियन तरुण आला. क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर गेलं त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. चेकॉव्ह जगातली प्रत्येक चांगली गोष्ट रशियातच शोधली गेली असं छातीठोकपणे सांगतो आणि बाकीचे हसतात. त्याच्या शेजारी सुलू हा आशियाई अधिकारी बसतो. ती भूमिका करणारे जॉर्ज टाकेई लहानपणी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेच जपानी वंशाच्या नागरिकांसाठी उभारलेल्या छावण्यांमध्ये कुटुंबासह कैद होते. संपर्क अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री.

रशियाची छाया असलेला शत्रू समोर आणि रशियन माणूस आपल्याच यानात, ही रचना महत्त्वाची आहे. एखाद्या देशाशी वैर असलं तरी त्या देशाचा प्रत्येक माणूस वैरी नसतो, हे मालिकेने भाषण न देता, फक्त एक खुर्ची देऊन सांगितलं.

१९६६ च्या डिसेंबरमधल्या एका भागात हा मुद्दा आणखी टोकदार झाला होता. रोम्युलन नावाच्या शत्रूंचा चेहरा पहिल्यांदाच दिसतो आणि तो हुबेहूब स्पॉकसारखा निघतो. लगेच यानावरचाच एक अधिकारी स्पॉककडे संशयाने पाहू लागतो. कर्क त्याला खडसावतो. शत्रूसारखा दिसणारा आपला माणूस गर्दीत एकटा पडतो, हे भविष्यातल्या यानाच्या निमित्ताने सांगितलेलं अगदी आजचं सत्य आहे.

शीतयुद्ध संपल्यावर काय झालं?

१९८७ साली ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली तेव्हा यानाच्या मुख्य कक्षात वॉर्फ नावाचा क्लिंगॉन अधिकारी उभा होता. मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांचं पर्व सुरू होतं. पुढे ६ डिसेंबर १९९१ रोजी आलेल्या चित्रपटात क्लिंगॉनांना ऊर्जा पुरवणारा उपग्रह स्फोटात नष्ट होतो आणि त्यांना तहासाठी हात पुढे करावा लागतो. चेर्नोबिलची आठवण येणार हे उघडच होतं. त्या गोष्टीतले खरे खलनायक दोन्ही बाजूंचे सेनाधिकारी आहेत. युद्ध संपलं तर आपलं काय, या धास्तीने ते एकमेकांशी हातमिळवणी करून शांततेचा तह उधळू पाहतात. चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सोव्हिएत संघ नकाशावरून नाहीसा झाला.

मग नवा शत्रू आला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी पडद्यावर अरब, मुस्लिम आणि एकूणच सावळ्या माणसांकडे पाहण्याची नजर बदलली. पण विज्ञानकथांनी या काळात काही धाडसी गोष्टीही केल्या. २००४ साली ‘लॉस्ट’ ही मालिका आली. बेटावर अडकलेल्या प्रवाशांमध्ये सईद जर्राह हा इराकी सैन्याचा माजी सैनिक होता. त्याने कैद्यांचा छळ केलेला आहे आणि त्याचा त्याला पश्चात्तापही आहे. अमेरिकी सैन्य इराकमध्ये असताना तो प्रेक्षकांच्या आवडत्या पात्रांपैकी एक झाला. ही भूमिका केली होती नवीन अँड्र्यूज यांनीच. भारतीय वंशाच्या अभिनेत्याला इराकी म्हणून घेतलं गेलं आणि भारतीय खान मात्र आधी मेक्सिकन व मग ब्रिटिश गोऱ्या अभिनेत्याने केला. ‘सावळा चेहरा कुठेही चालतो’ हा हॉलिवूडचा जुना हिशेब इथे उघडा पडतो.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ त्याहून पुढे गेली. यंत्रमानवांनी माणसांवर ताबा मिळवला आहे आणि माणसं प्रतिकार म्हणून आत्मघाती बॉम्ब वापरतात, असं कथानक या मालिकेने २००६ साली दाखवलं. इराकमध्ये रोज असे स्फोट होत असताना अमेरिकी प्रेक्षकाला तिने ताबेदाराच्या जागी न बसवता प्रतिकार करणाऱ्याच्या जागी बसवलं. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क आणि दहशतवाद यांवर चर्चा झाली, ती उगाच नाही.

आता रशियन खलनायक परत का आले?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या २०१६ मधल्या पहिल्या हंगामात खरा खलनायक अमेरिकेचंच सरकार होतं. गुप्त प्रयोगशाळेत लहान मुलीवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ सरकारी होते. २०१९ च्या तिसऱ्या हंगामात मात्र गावातल्या मॉलखाली सोव्हिएत सैनिकांचा तळ निघाला आणि २०२२ मध्ये कथा कामचाटकाच्या तुरुंगात पोहोचली. मालिका १९८०च्या दशकात घडते, त्यामुळे रशियन शत्रू कथेत बसतो. तेव्हाच्या अमेरिकी चित्रपटांची ती नक्कलही आहे.

पण यामागे एक व्यावहारिक सोयही आहे. सोव्हिएत संघ हा देशच उरलेला नाही, त्यामुळे त्याच्या वतीने निषेध करणारा दूतावास नाही. नाझी, उत्तर कोरिया आणि सोव्हिएत संघ हे पडद्यावरचे सर्वांत ‘सुरक्षित’ शत्रू मानले जातात ते याच कारणाने. तिथून तिकीटविक्री किंवा वर्गणी बुडण्याची भीती नसते.

याचं ठळक उदाहरण टीव्हीचं नसून चित्रपटाचं आहे. ‘रेड डॉन’ या चित्रपटात अमेरिकेवर चिनी सैन्य हल्ला करतं, असं २००९ साली चित्रित झालं होतं. चीनमधून नापसंती व्यक्त झाली. चिनी बाजारपेठ हॉलिवूडसाठी मोठी होत होती. मग झेंडे, चिन्हं आणि संवाद संगणकावर बदलून २०१२ साली तेच सैन्य उत्तर कोरियाचं म्हणून दाखवलं गेलं. चेहरे तेच, फक्त देश बदलला. बनवणाऱ्यांच्या लेखी दोन्ही देशांची माणसं एकमेकांच्या जागी सहज खपत होती, हा या प्रकरणातला दुसरा, कमी बोलला गेलेला अपमान.

ही सवय दीडशे वर्षांची आहे. जूल व्हर्नच्या पाणबुडीचा कप्तान नेमो मुळात पोलंडचा सरदार असणार होता. रशियाने पोलंडचा उठाव चिरडला, त्यात त्याचं कुटुंब मारलं गेलं, म्हणून तो सूड घेतो, अशी कल्पना होती. प्रकाशकाला रशियाची नाराजी नको होती. म्हणून १८७० च्या कादंबरीत नेमोचा देश गुलदस्त्यात राहिला. पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानच्या नात्यातला आणि १८५७ च्या उठावात लढलेला निघाला. त्याचा शत्रू आता रशियाऐवजी इंग्रज झाला. फ्रेंच प्रकाशकाला तेवढं चालण्यासारखं होतं.

‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’वर चिनी प्रेक्षक का चिडले?

लिऊ त्सिशिन यांची ही चिनी कादंबरी २००८ साली पुस्तकरूपात आली. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ साली विज्ञानकथांसाठीचा प्रतिष्ठेचा ह्युगो पुरस्कार मिळाला. कथेचं बीज असं आहे. १९६०च्या दशकात माओच्या सांस्कृतिक क्रांतीत ये वेनजिए या तरुणीच्या डोळ्यांदेखत तिच्या भौतिकशास्त्रज्ञ वडिलांना जमाव मारून टाकतो. माणूसजातीवरचा तिचा विश्वास उडतो. पुढे ती परग्रहावरच्या संस्कृतीला पृथ्वीकडे यायचं आमंत्रण देते.

या कादंबरीवर दोन मालिका झाल्या. टेन्सेंट या चिनी कंपनीची ३० भागांची मालिका २०२३ च्या जानेवारीत आली. नेटफ्लिक्सची आठ भागांची मालिका २१ मार्च २०२४ रोजी आली. चिनी मालिकेत सांस्कृतिक क्रांतीतली हिंसा अगदी सौम्य करून, आडवळणाने येते. नेटफ्लिक्सची मालिका त्या जमावाच्या दृश्यानेच सुरू होते.

नेटफ्लिक्स चीनमध्ये अधिकृतपणे उपलब्ध नाही. तरी अनेकांनी ही मालिका आडमार्गाने पाहिली आणि तिथल्या समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, हा चीनला बदनाम करण्याचा डाव आहे. दुसऱ्या गटाने उत्तर दिलं की ते दृश्य लिऊ यांच्याच लेखणीतलं आहे आणि आपल्याच देशात ते पूर्ण दाखवता आलं नाही याची लाज वाटायला हवी. चीनमधल्या मूळ पुस्तकातही हा भाग सुरुवातीऐवजी मध्ये सरकवावा लागला होता. इंग्रजी अनुवादात तो पुन्हा पहिल्या पानावर आला.

इथपर्यंत बदनामीचा आरोप टिकत नाही. इतिहासात घडलेलं क्रौर्य दाखवणं ही बदनामी नव्हे. पण चिडलेल्या प्रेक्षकांचा आणखी एक मुद्दा होता आणि तो जास्त वजनदार आहे.

कादंबरीत पृथ्वी वाचवण्यासाठी धडपडणारे मुख्य लोकही चिनी आहेत. नॅनो तंत्रज्ञानाचा संशोधक वांग मियाओ आणि रांगडा पोलीस अधिकारी शी च्यांग हे दोघे कथा पुढे नेतात. नेटफ्लिक्सने कथा लंडन-ऑक्सफर्डला नेली. वांग मियाओच्या वाट्याचं काम पाच मित्रांमध्ये वाटलं गेलं. त्यांपैकी जिन चेंग मूळची चिनी, बाकीचे वेगवेगळ्या देशांचे आणि वंशांचे. पोलीस अधिकारी ब्रिटनमध्ये काम करणारा झाला. कागदावर ही पात्रयोजना कितीतरी ‘सर्वसमावेशक’ आहे. भारतीय वंशाचा नौदल अधिकारीही तिच्यात आहे.

पण हिशेब मांडला तर काय दिसतं? पृथ्वीचा घात करणारी चिनीच राहिली आणि पृथ्वी वाचवणारे चीनबाहेर गेले. कादंबरीत दोन्ही टोकांना चिनी माणसं होती. म्हणून ती चीनची स्वतःशी चाललेली झटापट वाटते. मालिकेत तो तोल ढळला. एकेक निवड सुटी पाहिली तर तिच्यात गैर काही सापडत नाही. सगळ्या निवडी मिळून जे चित्र तयार होतं, ते मात्र चिनी प्रेक्षकाला टोचतं.

या चित्राला उजळणारी बाजूही आहे. ये वेनजिए ही मालिकेतली सर्वांत खोल व्यक्तिरेखा आहे. तिने तसं का केलं हे प्रेक्षकाला कळतं, अनेकांना पटतंही. तिला साथ देणारा माईक इव्हान्स हा श्रीमंत बापाचा अमेरिकी मुलगा आहे आणि तो कादंबरीतही तसाच आहे. आणि जमावापुढे मान न झुकवता भौतिकशास्त्र खोटं आहे म्हणायला नकार देणारे तिचे वडीलही चिनीच आहेत.

खलनायक गोरा केला की प्रश्न सुटतो का?

२०१३ मध्ये खानची भूमिका कंबरबॅचला दिली तेव्हा दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. एक बाजू म्हणाली, सावळ्या माणसाला दहशतवादी दाखवण्याची सवय मोडलेलीच बरी. ही भीती पोकळ नव्हती. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांत ॲरिझोनात एका शीख पेट्रोलपंपमालकाला निव्वळ पगडीमुळे गोळी घालून मारलं गेलं होतं. अशा देशात ‘शीख’ खलनायक इमारतींवर यान आदळवतो, हे दृश्य नकोच, असं वाटणं समजण्यासारखं आहे.

दुसऱ्या बाजूने विचारलं, मग त्याचं नाव खान का ठेवलं? नाव भारतीय, दहशत भारतीय नावाची आणि इतक्या मोठ्या भूमिकेचा मोबदला व प्रसिद्धी मात्र गोऱ्या अभिनेत्याला. चांगला खलनायक ही नटासाठी पर्वणी असते. प्राण किंवा निळू फुले यांना प्रेक्षक आजही मानतात ते त्यांच्या खलभूमिकांमुळेच. त्यामुळे एखाद्या समाजाच्या वाट्याचे नायक काढून घेणं जसं अन्यायाचं, तसं दमदार खलनायक काढून घेणंही.

पडद्यावरची प्रतिमा थेट गुन्हे घडवते असं म्हणणं फार झालं. पण ती ओळखीची चौकट तयार करते आणि संकटकाळी लोक त्या चौकटीतून पाहतात. भारतात हे २०२० साली दिसलं. करोनाच्या सुरुवातीच्या दिवसांत ईशान्य भारतातल्या तरुणांना दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत ‘चिनी’ म्हणून हिणवलं गेलं, काहींना घर सोडायला सांगितलं गेलं. केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना सूचना पाठवावी लागली. स्पॉककडे संशयाने पाहणारा तो अधिकारी अशा वेळी आपल्याच गल्लीत भेटतो. पडद्यावर मणिपूर-मिझोरामची माणसं पुरेशी दिसत असती, तर ही चूक एवढ्या सहज झाली असती का, हा प्रश्न भारतीय टीव्हीलाही लागू आहे.

यातून वाट कोणी काढली?

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चा प्रवास इथे बोलका आहे. १९६३ साली या मालिकेत आलेले डॅलेक हे यंत्ररूपी शत्रू उघडपणे नाझींच्या विचारसरणीवरून बेतलेले होते. ‘जे आमच्यासारखे नाहीत त्यांना संपवा’ हीच त्यांची एकमेव भूमिका. याच मालिकेने १९७७ मध्ये व्हिक्टोरियन लंडनमधल्या चिनी टोळीची गोष्ट सांगताना मुख्य चिनी पात्र गोऱ्या नटाला मेकअप करून दिलं. तो कथाभाग आजही चाहत्यांमध्ये वादाचा आहे.

आणि मग ११ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग आला. लेखक विनय पटेल. डॉक्टरची सहकारी यास्मिन खान आजीचा भूतकाळ पाहायला १९४७ च्या ऑगस्टमधल्या पंजाबात जाते. हिंदू तरुण आणि मुस्लिम तरुणीचं लग्न ठरलेलं, नवी सरहद्द त्यांच्या शेतातून गेलेली. आसपास दोन भयंकर दिसणारे परग्रहवासी फिरत असतात. ते मारेकरी असावेत असा सगळ्यांचा समज होतो. शेवटी कळतं की ते मारायला आलेले नाहीत. ज्यांच्या मरणाला कोणी साक्षीदार नसतो, त्यांच्याजवळ ते उभे राहतात. खरा धोका घरातच असतो. नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ द्वेषाने पेटलेला असतो आणि सशस्त्र टोळी तोच घेऊन येतो.

या भागात एकही देश खलनायक नाही. हिंदू मारेकरी आहे आणि हिंदू बळीही आहे. घाईने रेघ ओढणारं ब्रिटिश राज्यही सुटत नाही. भारतात किंवा पाकिस्तानात बसून पाहणाऱ्याला ‘आपल्याला लक्ष्य केलं’ असं म्हणायला फारशी जागा उरत नाही, कारण तिथे सगळ्यांनाच आरसा दाखवला आहे.

नेमोचीही उशिरा का होईना घरवापसी झाली. २०२४ मध्ये आलेल्या ‘नॉटिलस’ या मालिकेत शहजाद लतीफ यांनी भारतीय राजपुत्र नेमो साकारला. त्यात शत्रू ‘ईस्ट इंडिया मर्कंटाइल कंपनी’ आहे. राष्ट्राऐवजी नफ्यासाठी देश गिळणारी कंपनी खलनायक केली की कोण्या एका लोकसमूहाकडे बोट दाखवावं लागत नाही. आणि इतिहासालाही ते धरून आहे.

भारतीय पडद्यावर काय दिसतं?

भारतात विज्ञानकथांच्या मालिका मुळात थोड्या. १९९८ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये मिलिंद सोमण तुरुंगातून पळालेल्या १२ गुन्हेगारांच्या मागे सूर्यमालेभर फिरत होता. काळ २२व्या शतकाचा, त्यामुळे आजच्या देशांचा संबंध टाळता आला. मुलांसाठीच्या मालिकेला ते शोभूनही दिसलं.

अडचण आली ती २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘लैला’च्या वेळी. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरच्या या मालिकेत आर्यवर्त नावाचं भविष्यातलं राष्ट्र ‘शुद्धते’च्या नावाखाली माणसांना भिंतींआड विभागतं. मालिका येताच समाजमाध्यमांवर ती देशाची आणि हिंदूंची बदनामी करते असा आरोप झाला. बाजू घेणाऱ्यांनी सांगितलं की ही कल्पित राष्ट्राबद्दलची धोक्याची सूचना आहे. नावं बदलली तर हा वाद आणि चीनमधला वाद जवळजवळ शब्दशः सारखे आहेत. चिनी जमावाचं क्रौर्य पाहताना ‘किती धाडसी मालिका’ म्हणणारा भारतीय प्रेक्षक स्वतःच्या समाजावर कॅमेरा वळला की तेच धाडस मान्य करतो का, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

मग मालिका पाहताना काय तपासावं?

‘खलनायक आमच्या देशाचा का?’ हा प्रश्न पहिला सुचतो, पण तो फारसा उपयोगी नाही. कोणत्या तरी देशाचा तो असणारच. त्याऐवजी तीन गोष्टी पाहता येतात.

पहिली, त्या देशाचं दुसरं कोण पडद्यावर आहे? चेकॉव्ह असेल तर क्लिंगॉन सहन होतात. चेकॉव्ह नसेल तर सगळे रशियन क्लिंगॉन होतात.

दुसरी, खलनायकाला कारण आहे का? ये वेनजिएला आहे, सईदच्या अपराधालाही आहे. २०१२ च्या ‘रेड डॉन’मधल्या सैनिकांना नाही, म्हणूनच त्यांचा देश एका रात्रीत बदलता आला.

तिसरी, हा शत्रू निवडताना बनवणाऱ्यांनी काही जोखीम घेतली आहे का? ज्याचा देश उरला नाही किंवा जिथे मालिका विकायचीच नाही, त्याला खलनायक करायला धाडस लागत नाही. स्वतःचं सरकार, स्वतःचा जमाव, स्वतःचा भाऊ यांना तिथे उभं करायला लागतं.

या कसोट्या लावून पाहिलं तर १९६७ चा खान अर्धवट उत्तीर्ण होतो. त्याला बुद्धी होती, रुबाब होता, बोलायला संवादही होते. पण पृथ्वीच्या त्या सगळ्या संघात त्याच्याशिवाय दुसरा भारतीय प्रेक्षकांना आठवत नाही.